कर्नाटकचा पिवळा-लाल ध्वज : अधिकृत की लोकमान्य?

प्रश्न (पुणेकर वाचक)
बंगळुरूमध्ये रिक्षांवर, दुकानांवर आणि चौकाचौकांतल्या खांबांवर मला पिवळा-लाल ध्वज दिसला. काही छायाचित्रांत मात्र दोन रंगांमध्ये पांढरा पट्टा आणि त्यावर राजचिन्ह आहे. यांपैकी राज्याचा ध्वज कोणता, आणि या रंगांचा अर्थ काय?

उत्तर (ध्वज-अभ्यासक)
वर पिवळा आणि खाली लाल असा दोन आडव्या पट्ट्यांचा ध्वज लेखक व कन्नड चळवळीतील कार्यकर्ते म. राममूर्ती यांनी 1960च्या दशकात ‘कन्नड पक्ष’ या संघटनेसाठी तयार केला. तो पुढे संघटनेपुरता उरला नाही आणि 1 नोव्हेंबरच्या राज्योत्सवात, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाच्या उत्सवात, घरोघरी पोहोचला. हे रंग ‘अरिशिण-कुंकुम’ म्हणजे हळद-कुंकवाचे आहेत. हळदी-कुंकवाचे ताट ज्यांच्या घरात फिरते त्या मराठी वाचकांना त्यांतले मांगल्य समजावून सांगण्याची गरज नाही. याखेरीज पिवळा शांतीचा आणि लाल शौर्याचा, असाही अर्थ सांगितला जातो.

तीन पट्ट्यांचा ध्वज राज्य सरकारच्या समितीच्या शिफारशीनंतर तत्कालीन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी 8 मार्च 2018 रोजी सादर केला आणि तो मंजुरीसाठी केंद्राकडे गेला. ती मंजुरी मिळालेली नाही. म्हणजे जो सर्वत्र फडकतो तो लोकांनी स्वीकारलेला ध्वज आहे, आणि जो सरकारने आखला तो अजून प्रस्तावच आहे. नव्या आराखड्यात शांती पांढऱ्या पट्ट्याकडे गेली आणि पिवळ्याला क्षमेचा अर्थ देण्यात आला. मला हा बदल पटत नाही, कारण हळद-कुंकवाची जोडी मधल्या पांढऱ्या पट्ट्याने तुटते. शिवाय दोन रंगांचा ध्वज कोणालाही कापडाचे दोन तुकडे जोडून घरी शिवता येतो. राजचिन्ह असलेला ध्वज छापूनच घ्यावा लागतो.

उत्तर (दुर्गप्रेमी)
राजचिन्हाविषयी थोडी भर घालतो. लाल ढालीवरचा दोन डोक्यांचा पक्षी म्हणजे गंडभेरुंड. तो म्हैसूरच्या वडियार राजघराण्याचे चिन्ह होता, परंतु बळ्ळिगावे येथील 11व्या शतकातील स्तंभावरही तो आहे, म्हणजे त्याची परंपरा त्या घराण्याहून कितीतरी जुनी आहे. ढालीच्या दोन्ही बाजूंना सिंहाचे शरीर आणि हत्तीची सोंड असलेले प्राणी आहेत, वर अशोकस्तंभाचे सिंह आहेत आणि खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’ लिहिलेले आहे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, ज्यांनी निरखून पाहिले आहेत, त्यांना ही कल्पनासृष्टी परकी वाटणार नाही.

उत्तर (सीमाभागातील वाचक)
आम्हा बेळगावच्या मराठी भाषकांसाठी या ध्वजाचा आणखी एक अर्थ आहे. 1956 साली बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे ज्या दिवशी शहरात हा ध्वज मिरवला जातो, त्याच 1 नोव्हेंबरला येथील अनेक मराठी भाषक काळा दिवस पाळतात. माझे कन्नड शेजारी तो ध्वज भक्तिभावाने लावतात, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण तोच ध्वज मराठी वस्तीत वर्चस्व दाखवण्यासाठी रोवला जातो, तेव्हा त्यात मला हळद-कुंकू दिसत नाही.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. रिक्षांवर दिसला तो दोन रंगांचाच ध्वज होता, हे आता लक्षात आले.