बिनपेटीचं गाणं आणि बंगळुरूला गेलेला बेस

कोथरूडची_आल्टो

नमस्कार मंडळी,

आम्ही सहाजण अ कापेला गातो. म्हणजे पेटी, तबला, गिटार, ट्रॅक काही नाही. सूर, बेस, ठेका सगळं तोंडानंच. आजीला चार वर्षं समजावतेय, ती अजून विचारते, "साथीला कुणी मिळत नाही का गं?"

गाणं बरं चाललंय. अडचण माणसांची आहे. एप्रिलमध्ये आमचा बेस, म्हणजे सगळ्यात खालचे सूर गाणारा, नोकरीसाठी बंगळुरूला गेला. तेव्हापासून एक टेनर (पुरुषांतला उंच आवाज) खालचे सूर लावायचा प्रयत्न करतो, म्हणजे पुटपुटतो. आणि परवा एका लग्नात कळलं की कर्वेनगरच्या एका ग्रुपात चक्क दोन बेस आहेत! इतक्या जवळ राहून आम्हाला एकमेकांचा पत्ता नाही. भेटलोच तर स्पर्धेच्या विंगेत, आणि तिथे जो तो घसा राखायचा म्हणून गप्प.

सगळ्यांना एकत्र आणायला आपणच एक स्पर्धा भरवावी असं डोक्यात आहे. हॉलचं भाडं ऐकून घाम फुटला, तो भाग वेगळा. कुणी असं काही केलंय का?

पडद्यामागचा

करंडक नको. पुण्यात ते काय कमी आहेत?

मी तीन वर्षं पुरुषोत्तम करंडक (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) केलं. भरत नाट्य मंदिरात "अरे, आवाज कुणाचा" म्हणून घसा फोडला, पण त्या तीन वर्षांत शेजारच्या कॉलेजातल्या एकाशीही धड बोललो नाही. ओळखी झाल्या त्या नंतर. दुसऱ्यांच्या एका प्रयोगाला सेट उचलायला माणसं कमी पडली म्हणून गेलो होतो. त्यातले दोघं आजही घरी जेवायला येतात. तुम्हीही आधी त्या कर्वेनगरवाल्यांकडे बेस उसना मागा. बदल्यात द्यायला त्यांच्या कामाचं काही तरी तुमच्याकडेही असेलच.

काळी_दोन

वर म्हटलंय त्याला +१, आणि एक तोडगा.

अमेरिकेत बार्बरशॉप नावाचा चार आवाजांचा प्रकार आहे. त्यांची संस्था १९३८ साली सुरू झाली ती तुल्सा शहरातल्या एका क्लबच्या गच्चीवर, २६ जण जमून. (गच्ची तुमच्याकडेही असेल.) त्या लोकांकडे 'टॅग' म्हणून एक भारी गोष्ट आहे. टॅग म्हणजे गाण्याचा फक्त शेवटचा तुकडा, जिथे सगळे सूर एकमेकांत चपखल बसतात. कागद लागत नाही. एकजण चौघांना आपापली ओळ तोंडी शिकवतो, पाच मिनिटांत चार अनोळखी माणसं गायला लागतात. अधिवेशनात म्हणे रात्री उशिरापर्यंत हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये हेच चालतं.

पूर्ण गाणं बसवायला महिना लागतो, आणि तोवर नवा माणूस पळून जातो. तुकडा शिकवा.

आणि सुरुवातीला तानपुरा लावून गा. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरलेला असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). कॉर्डमध्ये (एकाच वेळी लागलेल्या सुरांत) तोच लावला की सूर एकदम जुळतात, अंगावर काटा येतो. रियाज केलेल्या मंडळींना हे लगेच जमतं. कीबोर्डवर वाढलेले आधी कुरकुरतात.

खिरापत_ओळखा

अहो, बायका हे कधीपासून करतायत! भोंडल्यात कुठे असते पेटी? पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि येईल तशा आवाजात सगळ्या. शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. आमच्या वाड्यात निम्म्या जणी गाण्यासाठी कमी आणि त्या डब्यासाठी जास्त यायच्या. खाणं ठेवा, माणसं येतील.

कोथरूडची_आल्टो

मंडळी, झाली पहिली भेट! हॉल नाही, गच्चीही नाही (सोसायटीचे सेक्रेटरी वरच्या मजल्यावर राहतात). आमच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. तिथे आवाज असा घुमतो की बेसुरा माणूससुद्धा स्वतःवर खूश होतो.

चौदाजण आले. चार ओळींचा तुकडा होता, तोंडी शिकवला. तानपुरा बंद केला तेव्हा पेटीच्या काळी दोन पट्टीवर होतो, सहाव्या फेरीला तपासलं तर पांढरी दोन. अख्खा अर्धा सूर खाली घसरलो आणि कुणाला पत्ता नाही, कारण सगळे गुण्यागोविंदाने एकत्रच घसरलो! कर्वेनगरवाल्यांनी एक बेस धाडला, बदल्यात आमच्या बीटबॉक्सरला (तोंडानं ठेका धरणाऱ्याला) दोन रविवार घेऊन गेले. अरेंजमेंटची देवघेवही ठरली: प्रत्येक आवाजाची ओळ फोनवर वेगवेगळी रेकॉर्ड करून द्यायची, म्हणजे नोटेशन न वाचणाऱ्यांचं अडत नाही.

वॉचमनकाका वर आले तेव्हा वाटलं आता ओरडा बसतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, विचारलं, "पेटी कुठाय?" नाही म्हटल्यावर पायरीवर बसून ऐकलं.

तरी बाकी हिशोब असा: बायका नऊ, टेनर चार, बेस एक. तोही उसना.

भजनी_मंडळ_सिंहगड_रोड

सगळं वाचलं. वय ५८. भजनात मागच्या रांगेत बसतो, कारण माझा आवाज फार खाली जातो आणि बुवा म्हणतात, तुमच्यामुळे पट्टी कळत नाही. इंग्रजी नोटेशन येत नाही, सरगम येते. चालेल का?

कोथरूडची_आल्टो

काका!! शनिवारी संध्याकाळी सहाला या. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. लिफ्ट बंद आहे, पण आपल्याला जिनाच हवाय. खिरापत माझ्याकडे, ओळखायची मात्र तुम्ही.