गावाकडचा बजेट गेमिंग पीसी: ५६००जी घ्या, 'एफ'वाल्या प्रोसेसरच्या नादी लागू नका

पऱ्हाटी
मामेभावाला दिग्रसकडे गावी पीसी करून द्यायचा आहे. बजेट ४५ हजार, मॉनिटर घरी आहे. पोरगं व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळणार. यूट्यूबवर जो तो सांगतो की इंटेलचा आय५-१२४००एफ नाहीतर एएमडीचा राइझन ५ ५६०० प्रोसेसर घ्या, सोबत जमेल ते ग्राफिक्स कार्ड टाका. पुण्यात बसून ठीक आहे हे. गावासाठी माझं मत उलटं: राइझन ५ ५६००जी घ्यावा आणि आज कार्ड घेऊच नये.

१२४००एफ काय, ५६०० काय, दोघांतही स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी. मग ते नागपूरला पाठवा आणि वाट पाहत बसा; तोवर साधा फॉर्म भरायलाही सेतू केंद्र गाठा. ५६००जीत ६ कोअर, १२ थ्रेड, वर व्हेगा ७ ग्राफिक्स. व्हॅलोरंटला १०८०पी लो सेटिंगवर सेकंदाला शंभराच्या वर फ्रेम मिळतात, जीटीए सेटिंग उतरवून नीट चालतो. फक्त रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक लावायच्या. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, एकच १६ची टाकली तर फ्रेम दणकून पडतात.

फ्रेमवाला_अमरावती
दादा, अर्धीच गोष्ट सांगितली. ५६००ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, ५६००जीला १६. कार्ड लावल्यावर हा फरक गेममध्ये दिसतो. दुसरं, ५६००जी पीसीआयई ३.० (प्रोसेसर आणि कार्डामधली जुनी, हळू वाट) वरच अडकलेला, बी५५० बोर्ड घेतला तरी. उद्या भाऊ स्वस्त म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी आणेल. त्या कार्डाला लेन, म्हणजे डेटाच्या पट्ट्याच, ४, म्हणजे ३.० वर त्याचा गळाच दाबला जाणार. 'आधी जी, मग कार्ड' हा रस्ता स्वस्त वाटतो, पण प्रोसेसर दोनदा घ्यावा लागतो.

आणि काळ्या स्क्रीनचं काय घेऊन बसलात? जुनं जीटी ७१० कार्ड एक कपाटात ठेवा. फॉर्म भरायला तेवढं पुरतं.

पऱ्हाटी
६५०० एक्सटी घेऊच नये, यावर आपलं एकमत. आरएक्स ६६००ला ८ लेन आहेत, ३.० वर तिचं फार काही बिघडत नाही. आणि ६६०० घेतल्यावर १०८०पीला बहुतेक मोठ्या गेममध्ये अडतं ते कार्डच, प्रोसेसर नाही.

बांधावरचा_गेमर
काऊन भांडून रायले बे? लाईनचा इचार कोणी करतच नाई. आमच्याकडं हरभऱ्याला पाणी सुरू झालं का मोटरी लागतात अन् व्होल्टेज पडते. संध्याकाळी तं पंखाबी रडते. ६६०० एकटी १३२ वॅट खाते. ६०० व्हीएचा यूपीएस त्यावर गेम सेव्ह करून बंद करापुरताच. ५६००जीची मशीन मॉनिटर धरून सव्वाशे-दीडशे वॅटमंधी खेळते, घरच्या इन्व्हर्टरवर मॅच पुरी होते. फक्त इन्व्हर्टर साइनवेव्ह (घरच्या लाईनसारखा करंट देणारा) पाहून घेजो.

अन् एसएमपीएसचा (पीसीच्या पॉवर सप्लायचा) स्टिकर वाचजो. स्वस्तातल्या कित्येकांवर २००-२४० व्होल्ट लिहून असते, त्या व्होल्टेज पडलं का रिस्टार्ट मारतात. १००-२४०वाली घेजो. प्रोसेसर कोणताबी घे मंग.

फ्रेमवाला_अमरावती
एसएमपीएसचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण इन्व्हर्टरसाठी प्रोसेसर निवडायचा असेल तर सरळ लॅपटॉप घ्या ना, बॅटरी आतच असते.

बांधावरचा_गेमर
४५ हजारात कार्डवाला नवा लॅपटॉप दाखवजो मले.

जुनं_ते_सोनं
एवढा खर्च कशाला? नागपूरच्या सीताबर्डीत जुना आय७-४७७० प्रोसेसर बोर्डासकट घ्या, वाचलेल्या पैशात कार्ड.

फ्रेमवाला_अमरावती
काका, नको. तो इंटेलच्या चौथ्या पिढीतला, त्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ जुगाड करून टाकलं तर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) मागतं. ज्या गेमसाठी पीसी घेतोय तोच उघडणार नाही.

चांदा_४७_डिग्री
उन्हाळा विसरले सगळे. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. २५ डिग्रीच्या खोलीत ७० दाखवणारा ४२च्या खोलीत ८७च्या घरात जाणार. ५६००ची मर्यादा ९०, ५६००जीची ९५, १२४००एफची १००. तरी 'इंटेल उन्हाला चांगला' असं म्हणू नका, तिन्ही चालतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) राइझनची वॅट मर्यादा उतरवली की गेममध्ये फरक नावापुरता, गरमी मात्र बरीच कमी. पैसे घालायचेच तर समोर जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये घाला. काचेच्या पेटीला रंगीत लाइट लावून मे महिन्यात भट्टी पेटवू नका. आणि कूलरच्या थेट झोतात सीपीयू ठेवणारे पाहिलेत मी, ओलाव्यानं बोर्ड जातो हो!

वाशीमचा_विद्यार्थी
सर, मग एएम५ (राइझन बसवायचं नवं सॉकेट) का नको? ५६००, ५६००जी बसतात ते एएम४ म्हणजे २०१७च्या राइझनपासूनचं सॉकेट. राइझन ५ ७६०० घेतला तर सॉकेट पुढंही चालेल, डिस्प्लेपुरतं ग्राफिक्सही आत आहे.

पऱ्हाटी
बाळा, एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठं गेलेत बघ. डीडीआर४पण महागली, पण भावाच्या जुन्या पीसीतून १६ जीबी निघते आहे, ती फुकट. ७६००चं आतलं ग्राफिक्स डेस्कटॉप दाखवायला ठीक, खेळायला नाही. त्याला कार्ड लागलंच.

फ्रेमवाला_अमरावती
जुनी रॅम निघते हे आधी सांगायचं ना! मग हिशोब बदलतो. त्या वाचलेल्या पैशात ५६०० आणि सेकंडहँड ६६०० बसवून बघा.

पऱ्हाटी
सेकंडहँड कार्ड, वॉरंटी नाही, गाव दिग्रसच्या पुढं. तू येशील का बिघडल्यावर?

फ्रेमवाला_अमरावती
येतो. पोहे आणि तर्री असेल तर.

बांधावरचा_गेमर
लाईन असन तवा येजो.