रविवारच्या सिनेमातली गाणी कोणी पळवली?

ए-२०१: नमस्कार. काल हॉलमध्ये मुलांना १९९१ चा 'ब्युटी अँड द बीस्ट' दाखवलात, कमिटीचे आभार. पण रिमोट कोणाच्या हातात होता ते कळेल का? एकामागून एक गाणी पळवली. मग उरलं काय?

बी-१०४: टाकी परत ओव्हरफ्लो. मोटर बंद करायची पाळी कोणाची?

सेक्रेटरी: टीचर राग नको. रिमोट माझ्याकडेच होता. सिनेमा ८४ मिनिटांचा, सुरू झाला ९ ला, १० नंतर स्पीकर चालत नाही. चवथीला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे

सी-३०२: आम्ही तक्रार केली होती, सरळ बोला की. घरात आजारी माणूस होतं

सेक्रेटरी: भाऊ मी कोणाचं नाव घेतलेलं नाही 🙏

बी-२०३: ९ ला का सुरू झाला तेही सांगा 😀 हाउजी संपता संपेना

ए-१०३: हाउजीचे पैसे मुलांच्या खाऊलाच गेले हां, सामोसे खाताना कोणी काही बोललं नाही. आणि कार्टूनच ते, गोष्ट कळली ना मुलांना?

ए-२०१: नाही कळली वहिनी. माझी नात विचारते, बेल आत्ता तर त्या राक्षसाशी, बीस्टशी भांडत होती, लगेच त्याच्याबरोबर नाचायला कशी लागली? बर्फातलं गाणं उडवलंत ना, दोघांचं मन हळूहळू पालटतं ते त्या गाण्यातच दिसतं. सुरुवातीचं पण तसंच, पुस्तकात रमलेली बेल, तिला विचित्र म्हणणारा गाव, लग्नासाठी टपलेला गॅस्टन, सगळ्यांची ओळख एका गाण्यात होते. दीनानाथांच्या मंगेशीपासून आपण किती लांब आहोत? देवळातल्या संगीत नाटकातली पदं गाळली तर कोण बसून राहील?

बी-२०३: हे पटलं. आमचे बाबा पदांना वन्समोर देऊन देऊन पहाट करायचे

सी-३०२: म्हणूनच स्पीकरचे नियम आले

बी-१०४: मोटर??? टाकी???

डी-४०१: मी थोडं सांगू? बेस्ट पिक्चरच्या ऑस्करला नॉमिनेशन मिळालेला हा पहिला ॲनिमेशनपट. संगीत ॲलन मेन्केनचं, गाणी लिहिली हॉवर्ड ॲशमननी. ते एड्सने आजारी होते, तशातच गाणी लिहिली आणि मार्च १९९१ मध्ये गेले, सिनेमा लागला नोव्हेंबरात. त्यांना पूर्ण सिनेमा बघायलाच मिळाला नाही. किटली गाते आणि ती दोघं नाचतात त्या गाण्याला ऑस्कर मिळालं ते त्यांच्या पश्चात. काल आपण तेही अर्धं कापलं

ए-१०३: हे माहीत नव्हतं

सी-३०२: ७ ला लावा, पूर्ण लावा, आमचा विरोध नाही. फक्त गेटसमोर स्कूटर नकोत

बी-१०४: मोटर मीच बंद करून आलो. नेहमीप्रमाणे.

सेक्रेटरी: शनिवारी ७ ला, अख्खा. हाउजी नंतर

ए-१०३: नंतर कोण थांबणार? बरं, असू दे

ए-२०१: धन्यवाद. आणि शेवटी नावं येतात तेव्हा ट्यूबलाईट लावू नका, ॲशमनना सिनेमा अर्पण केलाय ती ओळ तिथे आहे. मुलांना मी वाचून दाखवणार आहे.