वादळाने आरोग्य विमा घ्यायची मुदत हुकली तर सवलत, पण मुळात विमाच नसेल तर नाही. हा न्याय आहे का?

शुगरलँडकर (धागाकर्ता)

परवा १ जूनला वादळांचा मोसम सुरू झाला, म्हणून २०२४ चं डोक्यात घोळतंय ते लिहून काढतो.

जुलै २०२४. बेरिल वादळ ८ तारखेला पहाटे टेक्सासमध्ये मॅटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे सहा दिवस नव्हती. त्याआधी मे महिन्यात माझी नोकरी गेली होती आणि कंपनीचा आरोग्य विमा ३१ मेला संपला होता. असा विमा संपला की मार्केटप्लेसवरचा, म्हणजे ज्याला आपण ओबामाकेअर म्हणतो तो, घ्यायला ६० दिवस मिळतात. माझी मुदत ३० जुलैची. सवयीप्रमाणे मी ते शेवटच्या आठवड्यावर ढकललं होतं. मग वादळ. फ्रीजमधलं सगळं काळ्या पिशव्यांत भरून रस्त्यावर, छतावर निळी ताडपत्री, घराच्या विम्याचा माणूस येणार येणार म्हणून दिवसभर घरात बसून राहणं. भानावर आलो तेव्हा ऑगस्टची ३ तारीख होती.

वेबसाइट म्हणाली, पात्र नाही. फोनवरच्या पहिल्या बाईंनी सांगितलं, आता नोव्हेंबरात, वार्षिक नोंदणीला या. एका मित्राने पढवलं म्हणून पुन्हा फोन केला. पन्नास मिनिटं ते संगीत ऐकलं आणि माणूस आल्याबरोबर म्हणालो, "बेरिलमुळे मुदत चुकली, काउंटी फोर्ट बेंड." दहा मिनिटांत काम झालं. फेमाने, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याने, आपत्तीचा जो कालावधी जाहीर केलेला असतो, तो संपल्यापासून आणखी ६० दिवस मिळतात. कागद एकही मागितला नाही. उलट विमा १ ऑगस्टपासून मागे लागू करून दिला, त्या महिन्याचा हप्ता भरायच्या बोलीवर.

आता शेजारी. फरश्या बसवण्याचा स्वतःचा धंदा, विमा कधीच नव्हता. वादळानंतर तिसऱ्या दिवशी अंगणात पडलेलं पेकानचं झाड कापताना करवत पोटरीत गेली. २३ टाके. माझं बघून त्यानेही फोन केला. त्याला विचारलं, "वादळ आलं नसतं, तर या दिवसांत तुम्हाला विमा घेता आला असता का?" गडी सरळ, खरं बोलला. नाही म्हणाला. विषय संपला.

एकच गल्ली, एकच वादळ. आळशी मी होतो, तरी सवलत मला मिळाली. माझं म्हणणं असं, की फेमाने काउंटी (म्हणजे जिल्हा) आपत्तीग्रस्त जाहीर केली की तिथल्या सगळ्यांना ६० दिवस नोंदणी खुली करावी. आधी काय हुकलं होतं, ते विचारूच नये.

गणिती

विमा कंपनीत हप्ते ठरवण्याचं काम करतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

शेजाऱ्याच्या पायाचं वाईट वाटलं. पण त्याच्यासाठी १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी असे अडीच महिने दार उघडं होतं. तो आत आला नाही. आता करवत लागल्यावर म्हणतोय उघडा. तहान लागल्यावर विहीर खणायची तर खणा, पण वर्गणी गावाकडून का?

२०१० च्या ओबामाकेअर कायद्याने इथे काय ठरवलं ते आठवा. कंपनीने आजार विचारायचा नाही, आजारावरून जास्त पैसे लावायचे नाहीत, "हा जुना आजार, दोन वर्षं थांबा" असं म्हणायचं नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. तिची किंमत म्हणजे नोंदणीची ठरलेली मुदत. मुदत नसेल तर माणूस धडधाकट असेपर्यंत बाहेर राहील आणि निदान झालं की आत येईल. मग हप्ता फक्त आजारी लोक भरणार आणि तो त्यांना परवडणार नाही.

तुमच्याच ह्यूस्टनमधलं उदाहरण देतो. सरकारी पूर विमा आज घेतला तर सहसा ३० दिवसांनी लागू होतो. का? नाहीतर मेक्सिकोच्या आखातात वादळ दिसलं की अख्खं गाव पॉलिसी घेईल. तिथे कुणी म्हणत नाही की हा अन्याय आहे.

तुम्हाला मिळाली ती सवलत योग्यच आहे. तुमचा हक्क होता, वादळाने तो हिरावला, सरकारने परत दिला. शेजाऱ्याचं वादळाने काय हिरावलं?

शुगरलँडकर

पोटरी.

मीनल_टँपा

हाहा. पण शुगरलँडकर, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. मी फ्लोरिडात विमा एजंट आहे. अशा खास मुदतीत घेतलेला विमा साधारण पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो. शेजाऱ्याला जुलैत नोंदणी करू दिली असती, तरी टाक्यांचं बिल त्याच्याच डोक्यावर होतं. वादळात मागच्या तारखेचा लाभ फक्त ज्याची मुदत हुकली त्याला, म्हणजे तुम्हाला.

आणि गणितीसाहेब, याच कारणाने तुमचा पूर विम्याचा दाखलाही लंगडा पडतो. दवाखान्याच्या खाटेवरून कुणी विमा घेऊन कालचं बिल लावू शकत नाही.

खरी अडचण कुठे आहे ते माझ्या टेबलावरून सांगते. २०२४ मध्ये २६ सप्टेंबरला हेलीन वादळ आलं, ९ ऑक्टोबरला मिल्टन. समुद्राकाठची हॉटेलं महिनोन्महिने बंद. नोकरी गेल्यावर खास मुदत मिळते असं सगळे समजतात. नाही मिळत! नोकरीबरोबर विमा गेला तर मिळते. वेटरला, भांडी घासणाऱ्याला कंपनीचा विमा नव्हताच, त्यामुळे त्याचं "काही गेलं नाही". घर राहण्याजोगं नाही म्हणून तो दुसऱ्या काउंटीत बहिणीकडे गेला. पत्ता बदलल्यावरही मुदत मिळते, पण अट अशी की आधीच्या ६० दिवसांत निदान एक दिवस तरी विमा असायला हवा. पुन्हा तेच. ज्याच्याकडे होतं त्यालाच पुन्हा मिळणार.

ऑक्टोबरात एक बाई आल्या होत्या. बुटांच्या खोक्यात सगळे कागद, ओले झालेले, एकावर एक चिकटलेले. आम्ही दोघी हेअर ड्रायरने एकेक सुटा करत बसलो होतो. शेवटी त्यात विम्याचं काही निघालंच नाही. नवऱ्याने मार्चमध्येच हप्ते थांबवले होते, त्यांना माहीतही नव्हतं. हप्ते थकून विमा गेला तर त्यालाही खास मुदत नाही.

गणिती

मीनलताई, पुढच्या महिन्यापासून लागू होतो हे मान्य. पण अपघात हा मुद्दाच नव्हता. कॅन्सरची केमो सहा महिने चालते, डायलिसिस आयुष्यभर. त्याला एक महिना थांबणं काहीच नाही. अशा माणसाला वादळ म्हणजे लॉटरी.

(अवांतर: वाक्य लिहिल्यावर फार क्रूर वाटलं. तरी ठेवतो, कारण आमच्या खोलीत असंच बोललं जातं.)

शुगरलँडकर

लॉटरी लागलेल्या त्या डायलिसिसवाल्याचं घर पाण्यात आहे, एवढं लक्षात असू द्या.

आणि सगळ्यांना दार उघडलं तर बाजार कोसळतो, हे २०२१ ने खोटं ठरवलंय. कोविडमध्ये १५ फेब्रुवारी ते १५ ऑगस्ट नोंदणी खुली होती. काय हुकलं, का हुकलं, काहीच विचारलं नाही. २८ लाख लोक नव्याने आले. कुठली कंपनी बुडाली? २०१७ मध्येसुद्धा हार्वे, इर्मा, मारियाच्या वेळी नोंदणी १५ डिसेंबरला संपणार होती, ती वादळग्रस्तांसाठी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हार्वेत आम्ही बार्कर जलाशयाच्या बाजूला राहत होतो. तळमजल्यावर चार फूट पाणी. त्या मुदतवाढीचा उपयोग झालेली निदान तीन मराठी घरं मला माहीत आहेत.

गणिती

२०१७ चा दाखला तुमच्या मदतीला येत नाही. ती वार्षिक नोंदणीच होती, पंधरवडा लांबवली इतकंच. आजारी आणि निरोगी दोघंही तेव्हा येतातच.

२०२१ चा जास्त विचार करण्यासारखा आहे. पण त्या मार्चमध्ये हप्त्यावरची सरकारी सबसिडी वाढली हे तुम्ही गाळलंत. कित्येकांना हप्ता शून्यावर आला. फुकट मिळतंय म्हटल्यावर पंचविशीतला धडधाकट पोरगाही नोंदणी करतो, आणि तो आला की आमचं गणित जमतं. त्या वाढीव सबसिडीची मुदत २०२५ अखेर संपली. ती गेल्यावर वादळानंतर कोण येईल? फक्त ज्याला आजच गरज आहे तो.

पासाडेनावाला

मुद्द्यात भर घालतो. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसजवळची ईटनची आग आमच्या घरापासून दीड मैलावर थांबली. कॅलिफोर्नियाचं मार्केटप्लेस राज्याचं स्वतःचं आहे. इथली नोंदणी तेव्हा मुळातच ३१ जानेवारीपर्यंत होती, त्यात वणव्याच्या भागाला वेगळी मुदत मिळाली. फार काथ्याकूट झाला नाही.

कारण? इथे २०२० पासून विमा नसेल तर राज्य दंड लावतं. देशपातळीवरचा दंड २०१९ पासून शून्य झाला, टेक्सास-फ्लोरिडात तो उरलाच नाही. जिथे दंड आहे तिथे बहुतेक लोक आधीच आत असतात, मग आपत्तीत दार सताड उघडलं तरी फार कुणी घुसत नाही. म्हणून तुमचं भांडण मला चुकीच्या दारावर चाललेलं वाटतं. आपत्तीत औदार्य दाखवायचं असेल तर एरवी सक्ती हवी. टेक्सासला सक्ती नको, आणि शुगरलँडकरांना औदार्य हवं!

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय, तुमच्या त्या फेमाचा मला अनुभव नाही. पण २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं होतं, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आपल्याकडे अशी मुदत-बिदत काही नाही. बारा महिने केव्हाही पॉलिसी घ्या, एजंट घरी येईल, चहाही पिईल. पण घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. आणि आधीपासूनचा आजार असेल तर तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबवायचे, २०२४ मध्ये नियामकाने ते तीन वर्षांवर आणलं. पूर ओसरल्यावर गाळ काढताना लेप्टो होतो तो आठ-पंधरा दिवसांत. शेजारच्या गल्लीतल्या एकाने पाणी उतरल्यावर घाबरून सगळ्या घराची पॉलिसी काढली आणि विसाव्या दिवशी भाऊ तापाने ॲडमिट. दावा नामंजूर. नियमात बसत नव्हता, कुणाला बोल लावणार?

माझ्या आईला मधुमेह. इन्सुलिन फ्रीजमध्ये, फ्रीज पाण्यात. तिला त्या महिन्यात कुठल्याच कंपनीने जुन्या आजारासकट घेतलं नसतं. तुमच्याकडे निदान फोन करून भांडता तरी येतं. गणिती म्हणतात ती "किंमत" मला इथून स्वस्तच दिसते. आमचा आजार विचारू नका, वर्षातून अडीच महिने दार उघडा, मी लगेच सही करतो.

गणिती

कृष्णाकाठ, नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. थांबायला कुठेतरी लागतंच, दाराबाहेर किंवा दाराच्या आत. दोन्हीकडून सूट मागितली तर पैसे कुणाचे?

मीनल_टँपा

पैसे कुणाचे हा प्रश्न बरोबर आहे, पण मग तो सगळीकडे विचारा ना. टेक्सास आणि फ्लोरिडा, दोघांनीही मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचा, विस्तार केलेला नाही. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली असलेल्या धडधाकट, मुलं नसलेल्या माणसाला इथे मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही. त्याच्यासाठी मुदत उघडी असली काय आणि बंद असली काय. शुगरलँडकरांची मागणी उद्या मान्य झाली, तरी सर्वात खालचा माणूस बाहेरच.

म्हणून मी मधलं काहीतरी मागते. सगळ्यांना नको. ज्याचं घर फेमाने राहण्यास अयोग्य ठरवलं किंवा ज्याचं कामाचं ठिकाण आपत्तीने बंद पडलं, त्याला आधीच्या विम्याची अट लावू नका. एवढंच. अशा माणसाने "आजारी पडलो म्हणून आलो" हे सोंग आणायला आधी घर बुडवायला हवं.

गणिती

पत्ता बदलण्याची ती अट आपत्तीपुरती काढावी, हे मला पटतं. घर कुणी मुद्दाम बुडवत नाही. सरसकट काउंटीला मात्र माझा विरोध कायम. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत पन्नास लाखांच्या आसपास माणसं आहेत, त्यातल्या कित्येकांकडे चार तास दिवे गेले होते, बस.

एडिसनकाकू

मध्येच विचारते, रागावू नका. माझ्या वहिनी ह्यूस्टनला, वय ६७. बेरिलच्या गडबडीत त्यांचं मेडिकेअर पार्ट बी (ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घ्यायचं राहिलं. कागद सगळे मी इथून न्यू जर्सीतून बघते. आता उशिराचा दंड बसेल का?

मीनल_टँपा

काकू, मेडिकेअरचं गणित वेगळं आणि जरा दयाळू आहे. २०२३ पासून पार्ट बी साठी आपत्तीची खास मुदत आहे, आणि ती आपत्ती संपल्यावर सहा महिने चालते. बेरिलचे सहा महिने उलटून गेलेत, पण वहिनींनी त्या काळात अर्ज केला होता का ते आधी बघा. तेव्हा मुदतीत नोंदणी झाली असेल तर त्या उशिराचा दंड लागत नाही. नसेल तर जानेवारी ते मार्चची नेहमीची नोंदणी, आणि उशिराच्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्के जास्त.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आजारपणाचे निर्णय जो घेतो तो आपत्तीच्या भागात राहत असेल, तरीही ही मुदत मिळते. वहिनींचे ते निर्णय तुम्ही घेत असाल आणि उद्या तुमच्याकडे न्यू जर्सीत वादळ येऊन तुमची वीज गेली, आपत्ती जाहीर झाली, तर ह्यूस्टनमधल्या वहिनींना सवलत मागता येईल. फोनवर हे आपणहून सांगायचं, ते विचारत नाहीत.

शुगरलँडकर

बघा! मेडिकेअरला मदत करणाऱ्याची वीज गेलेली चालते, आणि माझ्या शेजाऱ्याचं स्वतःचं अंगण चालत नाही.

मीनलताईंची मधली वाट मला अर्धीच पटते. त्याचं घर उभं होतं, धंदा बंद नव्हता, फक्त फ्लॅट टायर झालेला ट्रक आणि फाटलेली पोटरी. तुमच्या यादीत तो बसत नाही. तो अजून दवाखान्याला महिन्याला दीडशे डॉलर भरतोय.

गणिती

एक विचारू? नोव्हेंबरात घेतला का त्याने विमा?

शुगरलँडकर

नाही. आकडा बघितला होता आम्ही दोघांनी बसून, माझ्याच लॅपटॉपवर. म्हणाला कामं कमी आहेत, जानेवारीत बघतो. जानेवारीत मी विचारायचं विसरलो.