विधवा प्रथांविरुद्ध ग्रामसभेत ठराव घ्यायचाय, कसा मांडावा?

प्रश्न | फोंड्याचा महिला गट
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाड्यावरच्या विधवांनाही बोलवायचं असं आम्ही ठरवतोय. एकेकीला विचारलं तर सगळ्या हो म्हणतात, चौघींत बसल्या की गप्प. "माझी हरकत नाही गे, पण सासूबाईंना चालणार नाही." ठराव घेतला तर फरक पडेल का?

उत्तर | पंचायत कट्टा
पडतो, पण ठराव मोडला म्हणून कुणाला दंड करता येत नाही, हे धरून चाला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये असा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. तेही आवाहनच.
आपल्याकडे गोव्यात नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये रविवारी होतात. विषय आधी लेखी द्या. आयत्या वेळी काढलात तर रस्ते-नळाच्या भांडणात बुडेल. नुसतं "अनिष्ट प्रथा" लिहू नका. कुंकू पुसणं, चुडा फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, फाती (गजरे) माळू न देणं असं नावानिशी लिहा. नाहीतर प्रत्येक घर म्हणेल, आमचं त्यात येत नाही.

उत्तर | डिचोलीची वाचक
खरी कसोटी मयताच्या घरी, प्रेत उचलण्याआधीच्या तासा-दोन तासांत. हात धरून बांगड्या फोडणारी बहुतेकदा स्वतः विधवाच असते, तिचेही असेच फोडलेले. नवरा गेलेल्या बाईने नको म्हटलं आणि पुढे मुलाला काही झालं, तर बोट तिच्याकडेच. ही भीती खरी आहे, म्हणून धीट होण्याचं ओझं तिच्यावर टाकू नका. प्रत्येक वाड्यावर दोघी आधीच ठरवून ठेवा, जमलं तर एक तिच्या माहेरची. त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि भटजींना सांगायचं: "चुडा राहू दे, काढायचा तर तीच काढेल." एवढंच. तिथे वाद घालू नये.
हळदीकुंकवाच्या बोलावण्यात "सवाष्णींनी" ऐवजी "वाड्यावरच्या सगळ्या बायांनी" म्हणा, आणि विधवांच्या घरी दोघींनी स्वतः जा. एकटीला पुढे बोलावून शाल-नारळ देऊ नका, ती पुन्हा वेगळीच पडते. ओळीत मध्येच बसवा, वाण सगळ्यांना तेच, आणि पहिलं कुंकू वाड्यावर मान असलेल्या एखाद्या आजीच्या हातून लागू दे. तिने लावलं की बाकीच्यांची जीभ आवरते.

उत्तर | दस्तऐवजवाला
कागदांचंही बघा. कार्याला जिला मागे बसवतात, तिला कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटणीत कोण विचारतो? बाराव्याच्या सुमारास दीर कागद पुढे करतो, "सही कर, घरातलंच आहे."
विवाहपूर्व करार नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. त्यातली अर्धी तिचीच, तो वारसा नव्हे; नवऱ्याची उरलेली अर्धी वारसांकडे जाते. सासरा हयात असून घर त्याच्या नावावर असेल, तर ते यात येत नाही. वारसाहक्क सोडायला विशेष नोटरीसमोर (हा सरकारी अधिकारी, नेहमीचा नोटरी वकील नव्हे) दस्त करावा लागतो, साध्या स्टॅम्पपेपरवरची सही पुरत नाही. तरी तोच कागद दाखवून बायांना वर्षानुवर्षं गप्प बसवतात. सिव्हिल रजिस्ट्रारकडचा लग्नाचा दाखला गटातल्या प्रत्येकीने आत्ताच काढून ठेवावा, आणि नवरा गेल्यावर महिनाभर तरी कशावरही सही करू नये.