छोट्या पुस्तकाच्या दुकानाला दहा वर्षं होताहेत, कार्यक्रम कसा करू?

प्रश्न (दुकान चालवणारी)

नमस्कार मंडळी. छोट्या गावात माझं पुस्तकांचं दुकान आहे. दोन खोल्या, चौदा कपाटं, मधोमध एक लांब टेबल. लवकरच दुकानाला दहा वर्षं पूर्ण होतील आणि ती मला मनापासून साजरी करायची आहेत, कारण हे दुकान गावातल्या लोकांनीच जगवलंय. पण कसं करू यावर अडलेय, म्हणून इथे विचारते.

अडण्याचं कारण पाचव्या वर्षाचा कार्यक्रम. तेव्हा एका लेखकांना बोलावलं होतं. टेबल बाहेर काढलं, चाळीस खुर्च्या भाड्याने आणल्या. जागा एवढीशी, त्यामुळे खुर्च्या कपाटांना चिकटूनच मांडाव्या लागल्या. त्या भरल्या, मागे माणसं उभी राहिली, भाषणही सुंदर झालं. पण शेवटच्या रांगेत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर बसला होता. त्याचं लक्ष भाषणाकडे नव्हतंच. दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीतून तो खालच्या कप्प्यातलं एक पुस्तक बघत होता. समुद्रातल्या प्राण्यांचं, निळ्या पाठीचं. मग त्याने हळूच फटीतून हात घातला, दोन बोटांत पुस्तक पकडून ओढलं. अर्धं बाहेर आलं आणि खुर्चीच्या पायाला अडलं. आई कुजबुजली, "आत्ता नको, नंतर बघू." नंतर सगळी गर्दी दाराकडे सरकली आणि त्यांच्याबरोबर हे दोघंही गेले. रात्री खुर्च्या उचलताना ते पुस्तक तसंच अर्धं बाहेर आलेलं दिसलं. ते आत सरकवायला माझा हात धजेना.

त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या पुस्तकाच्या अकरा प्रती गेल्या. कपाटांतलं एकही पुस्तक गेलं नाही. मागवल्या होत्या साठ प्रती. वितरकाने "उरल्या तर परत घेऊ" असं तोंडी सांगितलं होतं. खोकी परत पाठवली तेव्हा कोपरे दुमडलेत म्हणून निम्म्या प्रती नाकारल्या. लेखी माझ्याकडे काहीच नव्हतं.

आता विचारायचं ते असं. पाहुणे बोलवावेत का? त्या दिवशी सवलत ठेवावी का? आणि मुख्य म्हणजे, दुकानात माणसं जमली की पुस्तकंच झाकली जातात, त्यावर कुणाला काही वाट सापडली आहे का?

उत्तर (दुसऱ्या गावातले विक्रेते)

ताई, दहा वर्षांबद्दल आधी मनापासून अभिनंदन. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. तुमचं झालं तेच माझं सलग तीन वर्षं झालं. आपण एका संध्याकाळीपुरतं दुकानाचं सभागृह करायला जातो आणि दुकान हातचं जातं.

माझे डोळे दुसऱ्यांच्या बातम्या वाचून उघडले. अमेरिकेत मिशिगन राज्यात चेल्सी नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या सेरेंडिपिटी बुक्स या दुकानाला एप्रिल 2025 मध्ये जवळच्याच मोठ्या जागेत जायचं होतं. सुमारे 300 माणसं फुटपाथवर दोन रांगा करून उभी राहिली आणि 9,100 पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात देत नव्या दुकानात पोचवली. तीही क्रमाने, थेट फळीवर, दोन तासांच्या आत. त्याआधी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरात ऑक्टोबर बुक्स या दुकानानेही असंच स्थलांतर केलं होतं, तिथेही 200 च्या वर माणसं रांगेत उभी होती. चेल्सीच्या बातमीतली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. पुस्तक पुढे देता देता लोक "हे मी वाचलेलं नाही", "हे छान आहे" असं एकमेकांना सांगत होते. कुणी भाषण करत नव्हतं, तरी गप्पा पुस्तकांच्याच चालल्या होत्या.

तुम्हाला काही जागा बदलायची नाही, मलाही नव्हती. मग मी चिठ्ठ्या सुरू केल्या. महिनाभर आधी नेहमीच्या गिऱ्हाइकांना तळहाताएवढी एकेक चिठ्ठी द्यायची. आपल्या आवडीच्या पुस्तकाबद्दल तीन ओळी, स्वतःच्या अक्षरात. ती चिठ्ठी त्या पुस्तकात अशी ठेवायची की वरचं टोक बाहेर दिसेल. कार्यक्रमाच्या दिवशी दुकानभर अशी टोकं दिसतात आणि माणसं आपोआप कपाटापाशी जातात. कुणी दुसऱ्याचं अक्षर ओळखतं, कुणी आपली चिठ्ठी कोण वाचतंय ते लांबून बघत उभं राहतं. आमच्याकडच्या एका निवृत्त पोस्टमनकाकांनी एका कादंबरीत लिहून ठेवलं होतं, "यातल्या म्हाताऱ्याचं वागणं मला पटलं नाही, पण तो अजून आठवतो." ती कादंबरी चार वर्षं माझ्याकडे पडून होती. काकांची चिठ्ठी वाचून एका मुलीने ती घेतली. पुढे ती दोघं माझ्या दुकानात त्या म्हाताऱ्यावरून अर्धा तास भांडली. त्या वर्षात मी त्या कादंबरीच्या आणखी नऊ प्रती विकल्या.

पाहुणे जरूर बोलवा, पण त्यांना मंचावर नका बसवू. कपाटाशी उभं करा आणि त्यांना आवडलेली, दुसऱ्यांनी लिहिलेली पाच पुस्तकं काढून दाखवायला सांगा. लेखक दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल बोलायला लागला की खुलतो.

आता प्रतींचं. येणाऱ्यांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त मागवू नका. त्याऐवजी लेखकाकडून मागे डिंक असलेल्या छोट्या कागदी लेबलांवर सह्या घेऊन ठेवा. प्रती कमी पडल्या तर नावं लिहून घ्यायची आणि नंतर आलेल्या प्रतीत सही चिकटवून द्यायची. परतीची बोली लेखीच हवी, साधा ईमेल असला तरी चालतो. त्यात चार गोष्टी असू द्या: किती प्रती, कोणत्या तारखेपर्यंत परत, वाहतूक कुणाच्या खर्चाने, आणि "खराब प्रत" म्हणजे नेमकी कशी. खोकं फोडल्याबरोबर फोटो काढून ठेवा. मूळ खोकी टाकू नका, परत पाठवताना पुस्तकं त्यांतच नीट बसतात. सैल खोक्यात पुस्तकं हलतात आणि कोपरे जातात. तुमचंही बहुधा तेच झालं असेल.

उत्तर (सार्वजनिक ग्रंथालयात काम करणारी)

वरच्या दादांचं बहुतेक सगळं पटलं, पण खुर्च्या अगदीच काढू नका. आमच्याकडे येणाऱ्यांत गुडघे दुखणारे पुष्कळ आहेत. बसायला जागा नसली की ते दहा मिनिटांत निघून जातात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. सहा-आठ खुर्च्या ठेवा, दोन-दोनच्या जोडीने, उजेडाशी. कपाटापुढे चाकाची खुर्ची वळेल एवढी वाट मोकळी सोडा. खालचे दोन कप्पे मुलांचे असतील तर तिथे मोठ्यांना उभं राहूच देऊ नका, सतरंजी अंथरा. तुमच्या निळ्या पुस्तकाचं वाचून मी आमच्या बालविभागाच्या खालच्या कप्प्यापुढचा पत्रिकांचा स्टँड आजच हलवला.

तारखेचा विचार करत असाल तर जागतिक पुस्तक दिन, 23 एप्रिल, हा एक पर्याय आहे. युनेस्कोने तो 1995 मध्ये जाहीर केला, पण त्यामागची प्रथा जुनी आहे. स्पेनमध्ये, विशेषतः बार्सिलोना शहर आहे त्या कॅटलोनिया प्रांतात, 1926 मध्ये पुस्तक दिन सुरू झाला. तेव्हा तो 7 ऑक्टोबरला असे. 1930 मध्ये तो 23 एप्रिलला आणला. त्या दिवशी तिथे संत जॉर्जचा सण, गुलाब देण्याची रीत आधीपासूनच होती, तिच्या जोडीला पुस्तक आलं. बार्सिलोनात आजही त्या दिवशी विक्रेते रस्त्यावर टेबलं मांडतात. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. आत जागा नसेल तर तुमचं ते लांब टेबल दाराबाहेर मांडा. दुकानात पाऊल टाकायला बिचकणारी माणसं रस्त्यावरच्या टेबलाशी सहज थांबतात.

फलक लिहिणार असाल तर एक चूक टाळा. शेक्सपिअर आणि 'डॉन किहोते' लिहिणारे स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस 1616 मध्ये एकाच दिवशी, 23 एप्रिलला, गेले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तारीख सारखी दिसते कारण इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर चालू होतं. प्रत्यक्षात दोघांच्या मृत्यूत दहाएक दिवसांचं अंतर आहे, आणि सर्व्हांटिस गेले बहुधा 22 ला, 23 ला त्यांचं दफन झालं. मुलांसाठी काही करायचं तर 2 एप्रिल बघा. त्या दिवशी परीकथा लिहिणाऱ्या हान्स अँडरसनचा जन्मदिवस, 1967 पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन.

उत्तर (एक वाचक)

मी विक्रेता नाही, गिऱ्हाईक आहे, त्या बाजूने लिहितो. सवलत ठेवू नका. वर्षभर पूर्ण किंमत देऊन तुमच्याकडूनच घेणाऱ्यांना त्या दिवशी उगाच वाईट वाटतं, आणि नुसत्या सवलतीसाठी आलेला माणूस पुन्हा येत नाही. सवलतीच्या स्पर्धेत छोटं दुकान टिकत नाही हे फ्रान्सने ओळखलं आणि 1981 मध्ये कायदाच केला. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार, नव्या पुस्तकावर विक्रेत्याला फार तर 5 टक्के सूट देता येणार.

त्यापेक्षा आमच्याकडे सरळ मदत मागा. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच यांचं शेक्सपिअर अँड कंपनी हे दुकान 1919 मध्ये सुरू झालं. तिसाच्या दशकातल्या मंदीत ते बंद पडायची वेळ आली, तेव्हा आंद्रे जीद आणि इतर लेखकांनी 1936 मध्ये दुकानाच्या मित्रांचं मंडळ काढलं. सभासदांनी वर्षाची वर्गणी द्यायची आणि त्यांच्यासाठी लेखकांनी दुकानातच वाचन करायचं. दुकान 1941 पर्यंत चाललं, तेही युद्धामुळे बंद झालं. तुम्ही वर्गणी नका घेऊ, पण चिठ्ठ्या वाटणं, टेबल बाहेर काढणं, मुलांना वाचून दाखवणं यासाठी माणसं नक्की मिळतील. मी ज्या दुकानात जातो तिथल्या बाईंनी एकदा मला कवितेचं कपाट पुन्हा लावून द्याल का असं विचारलं होतं. दोन रविवार गेले. त्या कपाटातलं पुस्तक कुणी उलटं ठेवलं तर आजही मी ते सरळ करूनच पुढे जातो.

पुन्हा प्रश्नकर्ती

सगळ्यांचे फार आभार. आता चित्र डोळ्यासमोर आलं. 23 एप्रिल नको, दुकान उघडलं तीच तारीख धरते, पण टेबल बाहेर मांडणार. आठ खुर्च्या, खालच्या कप्प्यांपुढे सतरंजी, सवलत नाही. पाहुणे एकच, आणि तेही कपाटाशी उभे राहून. परतीची बोली यावेळी ईमेलवर.

तो मुलगा आता चौदाचा असेल. आई अधूनमधून वह्या घ्यायला येते, काल आली होती. मी त्या पुस्तकाची आठवण काढली. तिला संध्याकाळ आठवत होती, पुस्तक नाही. म्हणाली, विचारते घरी. आज सकाळी शाळेत जाता जाता तो स्वतःच डोकावला आणि म्हणाला, "ऑक्टोपसवालं ना?" ते कधीच विकलं गेलं होतं, पण नवी आवृत्ती मागवून देते म्हटलं. पहिली चिठ्ठी त्यालाच दिली. ती कुठल्या पुस्तकात ठेवणार ते अजून त्याने ठरवलेलं नाही.

एक बारीकशी शंका. चिठ्ठीला कागद कसला घ्यावा? साधा घेतला तर पानांत घसरून खाली जातो.

उत्तर (दुसऱ्या गावातले विक्रेते)

कार्डशीट घ्या, पांढरी किंवा फिक्या रंगाची. गडद रंगाची नको, दमट हवेत रंग पानावर उतरतो. डिंक, टाचणी, क्लिप काही लावू नका, क्लिपचा गंज जात नाही. लिहायला बॉलपेनच द्या, शाईचं पेन पुसतं. आणि चिठ्ठी लागेल त्याच्या दीडपट कापून ठेवा. पहिल्या आठवड्यात लोक लाजतात, शेवटच्या दोन दिवसांत सगळे एकदम मागायला येतात.