विषय: दिवाळी कार्यक्रमाचं बजेट, कोटेशन आणि बिलात एवढी तफावत का?

प्रेषक: खजिनदार (नवा)

नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाचे आकडे समितीपुढे ठेवण्याआधी इथे टाकतोय. ताटं २५० धरली आहेत. हॉल २,४०० डॉलर, केटरर ताटाला १८ प्रमाणे ४,५००, साउंडवाला ८००. एकूण ७,७००. त्यावर कॅनडाचा ५% जीएसटी धरला तर ८,०८५, म्हणजे माणशी ३२ डॉलर आणि वर थोडे. तिकीट ३३ ठेवू म्हटलं.

पण काल तिघांकडून सविस्तर कागद आले आणि माझी बेरीज ९,४६३.७५ वर गेली! आधी वाटलं, मीच कुठेतरी चुकलोय. तीनदा करून बघितली, तेच. गेल्या वर्षापर्यंत अल्बर्टात, कॅलगरीत होतो, तिथे ५% धरले की विषय संपायचा. इथे ओंटारिओत नेमकं काय काय लागतं?

---

प्रेषक: माजी खजिनदार

खजिनदारसाहेब, तुमची बेरीज बरोबर आहे, चुकलाय तो प्रांत. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाहीच, त्यामुळे फक्त केंद्राचा ५% जीएसटी. ओंटारिओत केंद्राचे ५ आणि प्रांताचे ८ एकत्र करून १३% एचएसटी लागतो. १ जुलै २०१० पासून हे असंच आहे. त्याआधी हॉलच्या भाड्यावर फक्त जीएसटी असायचा. एचएसटी आला त्या वर्षी आमच्या समितीचंही असंच धाबं दणाणलं होतं.

आता तुमचे कागद. हॉलचं सोपं आहे: २,४०० वर ३१२, झाले २,७१२. त्यांनी ५०० डॉलर डिपॉझिट मागितलंय, त्यावर कर नाही. ते परत मिळायचं असतं. नुकसानभरपाईत किंवा भाड्यात वळतं केलं तरच कराचा प्रश्न येतो. ते खर्चात धरू नका, पण तेवढे पैसे महिनाभर अडकतील हे लक्षात असू द्या.

खरी गोम केटररच्या कागदात आहे. शेवटून दुसरी ओळ बघा, बारीक अक्षरात: 'सेवा शुल्क १५%'. म्हणजे ४,५०० वर ६७५, आणि १३% लागतो तो ५,१७५ वर, ४,५०० वर नाही. करच ६७२.७५ होतो आणि बिल ५,८४७.७५. आपण खुशीने टेबलावर टिप ठेवली तर तिच्यावर कर नसतो. पण त्यांनी बिलातच सक्तीने लावली की ती किमतीचाच भाग, आणि तिच्यावरही कर. १८ डॉलरचं ताट २३.३९ ला पडतं ते असं.

साउंडवाल्याच्या कागदावर मात्र मला शंका आहे. १०४ डॉलर एचएसटी लावलाय, पण नोंदणी क्रमांक कुठेच नाही. क्रमांक नऊ आकडी असतो, पुढे इंग्रजी आर आणि टी ही अक्षरं आणि चार आकडे. वर्षभराची करपात्र विक्री ३०,००० डॉलरच्या आत असली तर त्याने नोंदणी करायलाच हवी असं नाही. पण नोंदणी नसेल तर त्याला कर लावताही येत नाही. क्रमांक मागा, दिला तर कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीच्या साइटवर तपासता येतो. मुलगा भला आहे, बहुतेक दुसऱ्या कुणाचं बिल समोर ठेवून त्याने आपलं केलंय.

---

प्रेषक: एक सभासद

ताई, एक बाळबोध प्रश्न. फराळाची २५० पाकिटं अल्बर्टातल्या दुकानातून ऑनलाइन मागवली तर १३ च्या जागी ५ लागतील ना? पाठवणावळ जाऊनही वाचतील.

---

प्रेषक: माजी खजिनदार

नाही हो. माल कुठून निघाला हे बघत नाहीत, कुठे पोचवला हे बघतात. पेटी ओंटारिओत उतरली की १३. आपला कार्यक्रम हॅलिफॅक्सला असता तर १४ लागले असते (नोव्हा स्कोशियाने १ एप्रिल २०२५ पासून १५ वरून एक टक्का कमी केलाय) आणि मॉन्ट्रिअलला केंद्राचे ५ नि क्वेबेकचे ९.९७५.

वाचवायचं असेल तर फराळात आहे. पोहे, डाळं, कच्चे शेंगदाणे, तेल, मीठ, साखर हे सगळं किराण्यात येतं, त्यावर कर शून्य. त्याचाच तयार चिवडा घेतलात की तो खाऊ ठरतो आणि १३% लागतात. शेंगदाणे खारवले तरी लागतात! बेकरीतही गंमत आहे: गोड मफिन किंवा डोनट सुटे पाच घेतले तर कर, सहा घेतले तर नाही. सहा म्हणजे घरी न्यायचे आणि पाच म्हणजे तिथेच खायचे, असं सरकारने धरलंय. आमच्या घरी सहाही गाडीतच संपतात, ती गोष्ट वेगळी.

---

प्रेषक: खजिनदार (नवा)

ताई, खूप आभार. आणखी एक: आपण ना-नफा संस्था आहोत, तर हा एचएसटी परत मिळत नाही का? आणि तिकिटावर आपण लावायचा का?

---

प्रेषक: माजी खजिनदार

दोन्हीचं उत्तर नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना ओंटारिओत केंद्राच्या भागाचा ५०% आणि प्रांताच्या भागाचा ८२% परतावा मिळतो. आपण ना-नफा आहोत, धर्मादाय नाही. आपल्याला तो मिळायला निदान ४०% उत्पन्न सरकारी अनुदानाचं लागतं. आपल्याकडे अनुदान शून्य. ना-नफा संस्थांना नोंदणीची मर्यादा ३०,००० नाही, ५०,००० ची आहे. आपली करपात्र विक्री चार तिमाहींत त्याच्या आत आहे आणि आपण नोंदणी केलेली नाही, म्हणून तिकिटावर कर लावायचा नाही. भरलेला सगळा कर तिकिटाच्या किमतीतूनच वसूल व्हायला हवा.

---

प्रेषक: खजिनदार (नवा)

आजची खबर. साउंडवाल्याने माफी मागून १०४ काढले, नोंदणी नाहीये त्याची. त्यामुळे एकूण ९,३५९.७५, तिकीट ३८ होत होतं.

मग केटररला फोन केला. वाढायला त्यांची माणसं नसतील तर सेवा शुल्क घेणार नाही म्हणाले, तसं लेखी मागवून घेतलंय. जेवण ५,०८५, एकूण ८,५९७, माणशी ३४.३९. तिकीट ३५ ठेवतोय.

तर वाढायला बारा जण हवेत, दोन पंगतींना सहा-सहा. चिवडा शनिवारी आमच्याकडे करू. दोन मोठ्या कढया आहेत, तिसरी कुणाकडे आहे का?